तिसऱ्यांदा चुकताना

ताईच्या लॅपटॉपचा पासवर्ड आम्ही रोज दोनदाच चुकायचो. एटीएममध्ये तिसऱ्या चुकीला कार्ड अडकलेलं भाचीने पाहिलं होतं. इथे तिसरी चूक झाली तर आतलं सगळं पुसलं जाईल, असं तिने धरून ठेवलं होतं. दोन अंदाज फसले की लॅपटॉप बंद करायचा आणि टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवायचा.

ताई जाऊन चार महिने झाले होते. वर्षाच्या आत लग्न करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, म्हणून भाचीचं लग्न दहा दिवसांवर आलं होतं. आमच्यात लग्नाच्या प्रत्येक विधीला धवले गातात. ते गाणारी आमच्या गावची शेवटची धवलारीण ताईच्याही आधी गेली. तिच्याजवळ बसून ताईने तिचे सगळे धवले याच लॅपटॉपवर टाइप करून ठेवले होते. बाहेरून गाणारी बाई बोलवायला भाची तयार नव्हती.

"आईचे न्हाय, तर कोणाचेच न्हाय," ती म्हणायची.

पासवर्ड विंडोजचाही नव्हता, त्याच्या आधीचा. बटण दाबताच काळ्या पडद्यावर एक चौकट यायची आणि पुढे काही हलत नसे. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये कोणीही लॅपटॉप उघडतं, म्हणून ताईने तो घातला होता.

शेवटी आम्ही एसटी स्टँडजवळच्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो. खालच्या गाळ्यात कापडाचे लूम चालू होते; त्याचं काउंटर सारखं थरथरत होतं.

"कितनी बार गलत डाला?"

"रोज दोनदा, चार महिने," भाची म्हणाली.

"तिसरी बार?"

"तिसऱ्यांदा नाही. सगळं गेलं असतं ना."

तो मान खाली घालून हसला. "चार महिने दरवाजे के सामने बैठे, और घंटी नहीं बजाई. डालो, मॅडम. गलतच पाहिजे."

"मावशी, तू टाक," भाचीने तोंड फिरवलं.

मी तीन वेळा काहीतरी दाबलं. तिसऱ्या एंटरनंतर पडदा गोठला. लॅपटॉप लॉक झाल्याची इंग्रजी ओळ आली आणि तिच्याखाली पाच आकडे. भाचीची नखं माझ्या मनगटात रुतली. त्याने मात्र ते आकडे आपल्या कॉम्प्युटरवरच्या एका प्रोग्रॅममध्ये घातले. अर्थहीन अक्षरांची एक ओळ मिळाली. लॅपटॉप पुन्हा चालू करून त्याने ती चौकटीत टाइप केली आणि विंडोजचा निळा पडदा उघडला.

मी ताईचा फोल्डर उघडला. धवले होते. हळदीचे, तेलवणाचे, वरातीचे, सगळे. ज्या बोलीत ताई कॉलेजमध्ये कधी बोलली नाही, त्याच बोलीत जसेच्या तसे. मध्ये मध्ये कंसात तिच्या स्वतःसाठी सूचना होत्या, कारण हे ती स्वतःच गाणार होती. मी मोठ्याने वाचत गेले. इथे श्वास घ्यावा. इथे सावकाश. पाठवणीच्या धवल्यापाशी लिहिलं होतं: मुलीकडे बघू नये, आवाज फुटतो.

दुरुस्तीवाला पाठ फिरवून स्क्रू निवडायला लागला.

"कोण गाणार हे?" भाचीने विचारलं.

शाळेत असताना वर्गातही मी कधी गायले नव्हते. तिच्याकडे न बघता मी पाठवणीच्या त्याच धवल्याची पहिली ओळ लहानपणापासून ऐकलेल्या चालीवर म्हणून पाहिली.