कॅप्टनच्या मांडीतली गोळी

चार माणसं वर्षानुवर्षं एका भट्टीपाशी बसली की किस्से साचतातच. शारजात आमचा सोनं गाळायचा कारखाना. तिथले निम्मे किस्से एकट्या कॅप्टन इद्रिसचे. सुदानच्या यादवीत त्याच्या मांडीत गोळी घुसली, ती तिथेच राहिली. फौज सुटली आणि तो आमच्या दारावर सिक्युरिटीचा हेड झाला.

*

काम सुटताना प्रत्येकाने धातू हुडकणाऱ्या मशीनच्या चौकटीतून जायचं. वाजलं की झडती. पहिल्याच दिवशी कॅप्टन स्वतः गेला. वाजलं! त्याने हात वर केले आणि हाताखालच्या गार्डला म्हणाला, "चेक करो!"

"सर, वो तो पैर का गोली है."

"तुम अंदर देखा? नहीं देखा. चेक करो!"

तेव्हापासून रोज त्याचीही झडती.

*

एकदा मालक आले. जाताना वाजलं.

"हबीबी, मैं मालिक!"

"मालिक का सोना है, इसलिए चेक."

पट्ट्याचं बक्कल निघालं. तेव्हापासून मालक नाडीची पॅन्ट घालून येतात!

*

आमच्या बाळूने विचारलं, "कॅप्टन, गोली कौन मारा?"

"भाई."

"सगा?"

"सिव्हिल वॉर में सब सगा."

बाळू भट्टी फुंकायला लागला.

*

नवीन मॅनेजर आले, सरदेसाई. म्हणाले, "जो माणूस रोज वाजतो तो सिक्युरिटीत नको. गोळी काढा, नाहीतर काम सोडा." काम गेलं की व्हिसा गेला, आणि कॅप्टनच्या दोन मुली इथे शाळेत. डॉक्टर म्हणाले, गोळी नसेजवळ आहे, पाय जाऊ शकतो.

मी केबिनमध्ये गेलो. "साहेब, माणूस चोख आहे."

"तात्या, पॉलिसी इज पॉलिसी."

मी चौथी शिकलेला. इंग्रजीत वाद घालत नाही. उठून आलो.

कॅप्टन एवढंच म्हणाला, "यल्ला, चलो, ऑपरेशन."

*

महिन्याभराने तो लाकडी काठी टेकत कामावर आला. गोळी निघाली होती, पाय शाबूत होता. संध्याकाळी सगळे दाराशी जमले. सरदेसाईही बॅग घेऊन उभे. त्यांना विमान गाठायचं होतं.

कॅप्टन चौकटीतून गेला. आवाज नाही! आम्ही टाळ्या वाजवल्या. सरदेसाईंनी हात पुढे केला, "काँग्रॅच्युलेशन्स, कॅप्टन!"

त्याने हात मिळवला नाही. मागे फिरला, पुन्हा आला. आवाज नाही. तिसऱ्यांदा आला. नाही.

मग त्याने शांतपणे दाराला कुलूप घातलं.

"मैं रोज बजता था, आज तीन बार नहीं बजा. मशीन खराब है. मेकॅनिक आने तक कोई बाहर नहीं जाएगा!"