रिकामी पुंगळी

जुन्या बाजारात पितळी भांड्यांशेजारी रायफलच्या गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्यांचा ढीग होता. एक नेमबाज बाई एकेक पुंगळी उजेडाकडे धरून निवडत होत्या. “चिरलेली नसली की पुन्हा दारू भरता येते,” त्या मला म्हणाल्या.

मी एक उचलली आणि नकळत ओठाला लावून फुंकली. वाजली! फौजेतले बाबा सुट्टीवर यायचे ते गल्लीच्या तोंडापासून अशीच पुंगळी वाजवत. शीळ ऐकली की आई लगेच चहाचं आधण ठेवायची. बाबा गेल्यापासून ती शीळ ऐकलीच नव्हती.

“ही चांगली दिसते, द्या इकडे,” बाई म्हणाल्या. पण भरलेली पुंगळी वाजत नाही. ती मीच विकत घेतली.

संध्याकाळी आमच्या गल्लीत शिरताना ती खिशातच घट्ट धरून ठेवली. वाजवली असती, तर आईनं आजही आधण ठेवलं असतं.