कांद्यानं पुसलेलं कुंकू

माझी फजिती मीच सांगून टाकते. आमच्या ब्राह्मणपुरीत ती इतकं तिखटमीठ लावून सांगतात, की ऐकणाऱ्याला वाटावं बाई वेडीच होती. वेडी नव्हते. घाबरले होते.

आता तुम्ही म्हणाल, तू आणि घाबरलीस? खरं आहे तुमचं. गावात माझ्या तोंडाला लागायची कुणाची छाती नाही. सासू गेली तेव्हासुद्धा मी रडले नाही, भाकरी थापत बसले, कारण आलेल्या माणसांना जेवायला कोण घालणार होतं? अशा बाईनं अख्खी गल्ली रडवली. कशापायी, तर कांद्यापायी!

त्या उन्हाळ्यात आमचे घरधनी गाडी जुंपून तोरणमाळच्या पायथ्याशी बांबू आणायला गेले. छपराला बांबू हवाच होता. पण त्या बाजूला वाघरू लागलं होतं, गुरं नेत होतं, म्हणून दुसऱ्या गाड्या थांबल्या. आमचे थांबतील? वाघाला काय माझीच गाडी दिसते, म्हणाले, आणि निघाले. परवा यायचे होते. परवा गेला, काल गेला, आजचा सूर्य डोक्यावर आला. रस्त्यावर गाडी नाही.

मी कुणाला बोलले नाही. बोललं की भीती खरी होते. पण सकाळपासून कुत्रं भुंकलं तरी मी दारात धावत होते. म्हणून मी कांदे काढले. आमच्याकडे उन्हाळ्यात कांदा चिरून खाटेवर वाळवतात, पावसाळाभर भाजीला होतो. म्हटलं, हात कामात राहिले म्हणजे डोकं डोंगरात जाणार नाही.

आता कांदा चिरताना डोळ्यांना पाणी का येतं? त्याच्या पोटात झणका असतो. चिरला की तो सुटतो आणि सरळ नाकाडोळ्यांत शिरतो. विळी बोथट असली तर कांदा चेंगरतो, मग झणका दुप्पट. माझी विळी बोथटच होती. बांबू आणले की धार लावतो, असं घरधनी सांगून गेले होते.

माझी नणंद लोणखेड्याला दिलेली. तिनं मला उपाय सांगून ठेवला होता, की वहिनी, तोंडात पाण्याचा घोट धरायचा. गिळायचा नाही, थुंकायचा नाही. मग डोळ्याला टिपूस येत नाही. मी मोठा घोट भरला, गाल फुगवले आणि बसले चिरायला.

टिपूस? अहो, धारा लागल्या! तोंडात पाणी, डोळ्यांत पाणी. दोन्ही हात कांद्याचे, म्हणून मनगटानं डोळे पुसले, पदरानं तोंड पुसलं, कपाळावरचा घाम पुसला. उन्हानं कुंकवाखालचं मेण पातळ झालं होतं. कपाळ कोरं झालं, आणि मला पत्ता नाही.

तेवढ्यात शेजारची सोनाबाई विस्तव मागायला दारात आली. मला बघून जागीच थबकली.

"काय व्हयनं वं माय? का रडी ऱ्हायनी?"

आता काय बोलू? तोंडात पाणी. कांद्यावर थुंकू, का सोनाबाईवर थुंकू?

"भाऊ उना का?"

मी मान हलवली. नाही आले.

सोनाबाईनं माझ्या कपाळाकडं बघितलं. तिचं तोंड उघडंच राहिलं. विस्तवाचं खापर हातातून पडून फुटलं, आणि ती पळाली.

मी पाणी गिळून दारात गेले, तर ही वेशीकडं धावतेय. तेव्हा माझ्या मनात काय आलं, सांगू? ही विस्तव मागायला आलीच नव्हती. ही निरोप घेऊन आली होती. माझ्याकडं बघून हिची जीभ उचलली नाही, म्हणून पळाली.

मी भिंतीला धरून खाली बसले. डोंगरातला रस्ता दिसायला लागला, बैल मोकळे, गाडी आडवी. पुढचं मी बघायचं नाही म्हणून डोळे मिटले, तर मिटल्या डोळ्यांना जास्तच दिसायला लागलं.

आणि गल्लीतून रडण्याचा हेल ऐकू आला. बाया तोंडावर पदर घेऊन, रडत, माझ्याच घराकडं येत होत्या. मग काय शंका राहिली? मला बघून त्यांना वाटलं खरं आहे, त्यांना बघून मला वाटलं खरं आहे. मी हंबरडा फोडला. खरा हंबरडा, कांद्याचा नव्हे.

गल्लीतली सगळ्यात म्हातारी आत्याबाई, बिचारी विधवा. बांगड्या फोडायचं काम तिचं. ती दगड घेऊन माझ्यापुढं बसली. "हात दे, माय."

हिरवा चुडा होता, त्यांनीच शहाद्याच्या बाजारातून आणलेला. मला वाटलं, हा फुटला की ते मेलेच. जोवर हातात आहे तोवर नाहीत मेले. मी हात पाठीमागं लपवले.

"मन्हा हातले हात लावशात ते याद राखा. आधी माले मन्हा मानूस दखाडा."

दोघीतिघींनी माझे दंड धरले. रडत होत्या आणि ओढत होत्या. आत्याबाईनं दगड उचलला.

तेवढ्यात बाहेर रस्त्यावर कुणीतरी बापई माणूस मोठ्यानं रडायला लागला.

"आते मन्हं कसं व्हई? माले भाकर कोन दी?"

हा आवाज मी मसणातसुद्धा ओळखला असता. सगळ्यांना झटकून बाहेर गेले. गाडी दारात उभी, बांबू भरलेले, आणि आमचे घरधनी धुळीत उकिडवे बसून पागोट्यात तोंड खुपसून रडताहेत. घरात बाया रडताना ऐकल्या, आणि त्यांना वाटलं मीच गेले.

त्यांनी मान वर केली. "तू जित्ती शे? मंग कोन मरनं?"

"तुम्ही," मी म्हटलं.

"मी?" त्यांनी स्वतःची छाती चाचपली. "माले ते गाडीना आख मोडना म्हनीसन उशीर व्हयना."

सगळ्या जणी सोनाबाईकडं बघायला लागल्या. सोनाबाईनं बोट माझ्या कपाळाकडं केलं. मी कपाळाला हात लावला, बोटाला नुसता घाम. आत्याबाईनं माझा हात धरून हुंगला, दगड खाली ठेवला आणि म्हणाली, "आते बठेल शेतस, ते कांदा तरी चिरा."

आणि खरंच, सगळ्या जणी विळ्या आणून बसल्या आणि पुन्हा रडल्या! कांदा सोलून अर्धा करून थोडा वेळ गार पाण्यात टाकायचा, विळीला धार लावायची, वाऱ्याकडं पाठ करायची, हे त्यांनी मला तेव्हा सांगितलं. धार घरधन्यांनी लगेच लावली. मला ओरडले नाहीत. फक्त मधूनमधून माझ्याकडं बघत होते, मी अजून आहे ना म्हणून.

पुढं थोरल्या लेकीची पाठवणी आली. तेव्हा मात्र मला आवरेना. वऱ्हाडासमोर, गाडीचा दांडा धरून मी ढसाढसा रडले. वाटलं, आता तरी कुणी जवळ घेईल.

सोनाबाई गर्दीतून वाट काढत आली, आधी माझं कपाळ नीट बघितलं आणि मग हातात पाण्याचा तांब्या दिला.

"भर तोंड," म्हणाली.