पडद्यावरचा बेनी

हिवाळ्यात हीटर पहिल्यांदा लावला की तापलेल्या धुळीचा वास येतो, आणि मला इस्रायलमधल्या किर्यात गातच्या घरातला आमचा जुना टीव्ही आठवतो.

माझा धाकटा भाऊ बेनी सैन्यात पॅराशूटची पहिली उडी मारणार होता. आईच्या घशाखाली घास उतरेना. मी कॉलेजातला कॉम्प्युटर आणून टीव्हीला जोडला आणि मी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये बेनीच्या वजनाचा पांढरा ठिपका पडद्यावर वरून सोडला. हवेचा विरोध शून्य होता, म्हणून तो धाडकन आदळला. आई किंचाळली. मग छत्रीएवढा विरोध भरला, तर ठिपका अलगद उतरला.

"परत सोड गो!" आई हसली. मला प्रोग्रॅमचा केवढा अभिमान वाटला! आता आठवतो तो तिचा उजळलेला चेहरा.

शुक्रवारी बेनी धडधाकट घरी आला. "इमा, घाबरली होतीस?" त्याने आईला विचारलं.

"छट्! मीच तर तुला शंभरदा उतरवलाय."