दात आवळून बसलो होतो

बिबवेवाडीच्या दातांच्या दवाखान्यात ती माझ्या शेजारी बसली होती. नाव मी विचारलं नाही. पन्नाशीची असेल, शिवणकाम करणारी. मांडीवर ब्लाउज घेऊन हुक लावत होती. दोरा तोडायला तोंडाकडे न्यायची, मधेच थांबायची आणि पिशवीतली कात्री काढायची.

"दातांनी दोरे तोडून जबडा धरला माझा," ती म्हणाली. "सवय जाता जात नाही."

माझाही जबडा कानापाशी कटकट वाजायचा, घास चावताना कळ यायची. बायको तोंडाच्या कॅन्सरनं गेली. मलाही तेच झालंय असं धरूनच आलो होतो. वाघोलीला राहणाऱ्या माझ्या मुलाला कळवलं नव्हतं. हिला मात्र सांगून टाकलं.

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "काका, आत्तासुद्धा दात आवळून बसलायत. घरी कुणाशी बोलत नाही वाटतं?"

"कुणाशी बोलू? जिच्याशी भांडायचो ती गेली."

"मग दुसरं कुणीतरी बघा भांडायला. बोलताना दात आवळता येत नाहीत."

फटकळ होती. मला बरं वाटलं.

आत डॉक्टरांनी जबडा चाचपला, तोंड नीट तपासलं, फोटो काढला. म्हणाले, कॅन्सर नाही. दिवसभर दात आवळून सांधा दुखावलाय. ओठ मिटलेले असू द्या, दात सुटे ठेवा.

बाहेर आलो आणि मला रडूच फुटलं. बायकोच्या वेळी रडलो नव्हतो.

"वाईट सांगितलं का?" तिनं विचारलं.

"नाही, चांगलं सांगितलं."

तिनं पिशवी उचलून जागा केली. "मग बसा इथं. निवांत रडा."

मी बसलो.