वाकड्या भाल्यांची फौज

कवळ्या बनवणाऱ्या माणसाने गर्व कशाचा करावा? आपलं काम दुसऱ्याच्या तोंडात, आणि ते तोंड झोपलं की पेल्यातल्या पाण्यात. पण उस्तादांना गर्व होता, आणि तो कवळ्यांचा नव्हता. दातांच्या लॅबमध्ये दिवसभर मेण, प्लास्टर, भट्टी आणि पॉलिशचं चाक यांत ते मान मोडून काम करायचे. काम चोखच असायचं. कुणी तसं म्हटलं तर मात्र त्यांना बरं वाटत नसे. दात काय, कुणीही करतो, म्हणायचे. त्यांचा सगळा जीव रविवारच्या टेबलावर होता.

ते टेबल चष्म्यांच्या दुकानामागच्या खोलीत होतं. चष्मेवाला त्यांचा शाळेपासूनचा मित्र. टेबलावर हिरवं कापड, पुठ्ठ्याच्या टेकड्या, आणि त्यांवर समोरासमोर उभ्या दोन फौजा: तांदळाच्या दाण्याएवढे भालाईत, बुटके, राक्षस, सापळ्यांचं घोडदळ आणि अंगठ्याएवढा एक ड्रॅगन. फासे टाकायचे, पट्टीने अंतर मोजायचं, पलटण पुढे सरकवायची आणि मेलेली पलटण उचलून बाजूला ठेवायची. खेळाचं नाव रणकण. बनवणाऱ्या कंपनीने तो कधीच बंद केला होता, कारण एवढी बारकी माणसं विकत घ्यायला कुणी तयार नव्हतं. लोकांना बोटभर उंचीचे ठसठशीत वीर हवे होते, कपाटात मांडायला. उस्तादांच्या बायकोने तर पहिल्याच दिवशी त्या फौजेला मुंग्या म्हटलं, आणि घरात तेच नाव चाललं. पण तिने त्या मुंग्यांवर कधी पाणी सांडलं नाही की झाडू फिरवला नाही. शेजारणींनी टोमणे मारले तर म्हणायची, माणसाचा कशावर तरी जीव असावा.

बंद पडलेल्या खेळाची एक अडचण असते. शिपाई तुटला की गेला. उस्तादांचं राज्य उभं राहिलं ते याच अडचणीवर. रबराचा साचा घ्यायचा, कथील-शिसं वितळवून ओतायचं, आणि घ्या, नवा शिपाई. पण फुकट काही नाही. जुना द्यायचा, तेव्हाच नवा मिळायचा. जुना त्यांच्या वाटीत जायचा आणि वितळायचा. आधी लोक फक्त तुटलेलेच आणून द्यायचे. मग उस्ताद धडधाकट शिपायांतही खोड काढायला लागले. याचं नाक झिजलंय, त्याचा भाला वाकलाय, या घोड्याला काय लकवा मारलाय का? भिंग लावून ते अशा काही चेहऱ्याने बघायचे की समोरच्याला आपल्या फौजेची लाज वाटायची. बघता बघता सगळ्यांच्या फौजा नव्या झाल्या, लखलखीत, एकासारखा एक. उस्ताद हे नावही तेव्हाच पडलं. आधी थट्टेत पडलं होतं, पुढे त्यांनी ते मनावर घेतलं.

नव्या झाल्या नाहीत फक्त एकाच्या. तो म्हणजे त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ.

मेहुणा रंगारी होता, लोकांच्या भिंती रंगवायचा. शिडीवर उभं राहून छताला रंग देणारा हात तो. त्या हातात तांदळाएवढा शिपाई आला की त्याचं डोकं आणि पाय एकाच रंगात न्हाऊन निघायचे. भाले सगळे वाकडे. कारण फौज तो खिशातल्या बिस्किटांच्या डब्यात कोंबून आणायचा. लग्न जमलं नव्हतं, घरी कुणी नव्हतं, आठवडाभर रंगाच्या वासात काढून रविवारी तो टेबलाशी यायचा. यायचा, हरायचा आणि हसायचा. हरतो ते ठीक, पण हसतो कशाला, हे उस्तादांना खपत नसे.

एका रविवारी त्यांनी चिमट्याने त्याचा राजा उचलला आणि सगळ्यांना दिसेल असा धरला. "तू फौज रंगवली नाहीस, चुना मारलास," म्हणाले. सगळे हसले. मेहुणाही हसला. मग उस्तादांनी वाटी पुढे केली आणि सांगितलं की टाक सगळे यात, माणसांत आणतो तुझी फौज. मेहुणा म्हणाला, नको, मला हेच बरे आहेत.

त्या खोलीत उस्तादांना 'नको' हा शब्द कुणी ऐकवला नव्हता. त्यांनी राजा कापडावर टाकला आणि सावकाश म्हणाले, "मग ही वाकड्या भाल्यांची फौज माझ्या टेबलावर नको. ज्याला घरी कुणी विचारत नाही, त्याने रविवार काढायला दुसरी जागा बघावी."

टेबल चष्मेवाल्याचं होतं. तो बोलू शकला असता. पण त्याच्या सापळ्यांचं अर्धं घोडदळ उस्तादांकडे दुरुस्तीला पडलं होतं, म्हणून तो मूग गिळून गप्प बसला. बाकीच्यांचंही काही ना काही अडकलेलं होतंच. मेहुण्याने डबा भरला, झाकण लागेना तर अंगठ्याने दाबलं, आणि गेला. त्यानंतर बायको भावाला भेटायला एकटी जायची. उस्तादांनी कधी विचारलं नाही, तिने कधी सांगितलं नाही.

अशी बरीच वर्षं गेली. मग एक दिवस बातमी आली की त्या कंपनीचे मालक बदलले आहेत आणि नवे मालक जुन्या खेळाडूंना विचारताहेत, रणकण परत आणावा का? गावोगावच्या खेळाडूंचा फोनवर एक ग्रुप होता. तिथे उस्तादांना नुसता ऊत आला. जेवता जेवता, भट्टी तापेपर्यंत, बसमध्ये, जिथे जमेल तिथे ते लिहायचे. खेळ परत आलाच पाहिजे. खेळ मेलेला नाही, आम्ही तो जिवंत ठेवलाय. 'आम्ही' म्हणजे कोण, हे ओळखायला फार हुशारी लागत नव्हती. कुणी म्हटलं की जाऊ दे, मेलेलं मढं कशाला उकरायचं, तर उस्ताद त्याचे दात त्याच्याच घशात घालायचे. मनात त्यांनी सगळं ठरवलं होतं. कंपनी येणार, फौजा बघणार, आणि म्हणणार, आता साचे तुमच्याच हातचे. कवळ्यांना रामराम.

कंपनीने खरंच एक बाई पाठवल्या. कमी बोलणाऱ्या, नीटनेटक्या, पर्समध्ये मोजमापाचा चिमटा घेऊन फिरणाऱ्या. उस्तादांनी टेबल असं मांडलं होतं की नवरीच्या खोलीलाही कुणी एवढं सजवत नाही. बाईंनी वाकून पाहिलं, छान म्हणाल्या. उस्तादांची मान ताठ झाली. मग बाईंनी पर्समधून एक जुनं पाकीट काढलं. ऑफिसच्या कपाटात कधीपासून न फोडता पडलेलं. त्यातला एक भालाईत त्यांनी उस्तादांच्या भालाइतांच्या रांगेत उभा केला.

तो सगळ्यांपेक्षा डोकंभर उंच होता.

उस्ताद म्हणाले, हा चुकीचा असेल, दुसऱ्या खेळातला असेल. बाईंनी तोच शिपाई उचलून राक्षसाशेजारी ठेवला. राक्षस त्याच्यापेक्षा जेमतेम केसभर उंच भरला. चष्मेवाल्याने दुकानातलं भिंग आणलं, आणि भिंगातून ते आणखीच स्पष्ट दिसलं.

चूक साधी होती, आणि ती करायला उस्तादांसारखाच माणूस लागतो. ओतलेला धातू थंड होताना किंचित आकसतो. लॅबमध्ये दाताची कॅप ओतताना उस्ताद रोज याची काळजी घ्यायचे, त्यासाठी भट्टीत फुगणारं खास प्लास्टर वापरायचे, कारण कॅप घट्ट झाली तर पेशंट बोंबलतो. शिपाई बोंबलत नाही. त्यात साचा घ्यायला ते नेहमी आपलाच शेवटचा, सगळ्यात स्वच्छ शिपाई निवडायचे, मूळ नव्हे. मूळ तर वाटीत गेलेला असायचा. म्हणजे नकलेची नक्कल, तिची पुन्हा नक्कल, आणि प्रत्येक वेळी फौज थोडी खुजी. सगळ्यांचीच खुजी होत गेली म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

बाईंनी आवाज न चढवता सांगितलं की जुने साचे कंपनीने कधीच भंगारात काढले. खेळ परत आणायचा तर एखादी पूर्ण मूळ फौज हवी, तिच्यावरूनच नवे साचे बनतील. ऑफिसात निम्म्या लोकांचं म्हणणं आहे की बारके शिपाई नकोतच, मोठेच काढू. मी रिकाम्या हाताने गेले तर त्यांचंच खरं होईल आणि विषय संपेल. उद्या संध्याकाळपर्यंत मी इथे आहे.

कुणाकडेच मूळ फौज नव्हती. एकेकाने उस्तादांकडे बघितलं आणि नजर वळवली. मग चष्मेवाला, जणू दुकानातली कसलीशी काच शोधत असावा अशा आवाजात, म्हणाला, "यांच्या मेहुण्याकडे असेल."

उस्ताद घरी आले ते हरलेले नव्हते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. जेवता जेवता त्यांनी बायकोला समजावलं: डबा आपण आणायचा, भाले मी सरळ करीन, तो चुना खरवडून काढीन, आणि फौज माझ्या हाताने बाईंना देईन. शेवटी खेळ वाचवला कुणी, मीच ना. बायकोने विचारलं, आणि त्याला काय सांगायचं? उस्ताद म्हणाले, तू बरोबर चल, तू म्हटलंस तर तो नाही म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी ती गेली. चष्मेवालाही बरोबर निघाला. मदतीला येतो म्हणाला, पण मदतीला निघालेल्या माणसाचा चेहरा एवढा उत्सुक नसतो.

मेहुण्याची खोली चौथ्या मजल्यावर होती. शिडी, बादल्या, रंगाने कडक झालेले कपडे, एक पलंग. स्टुलावर बिस्किटांचा तोच डबा, झाकण लावलेला. मेहुण्याने बहिणीला पलंगावर बसवलं, भाऊजींना खुर्ची दिली. उस्तादांनी घसा साफ करून मोठं भाषण केलं: झालं गेलं विसरू, खेळ सगळ्यांचा आहे, एवढी वर्षं आपण याच दिवसाची वाट बघितली. मेहुण्याने सगळं ऐकून घेतलं.

मग तो म्हणाला, "भाऊजी, बाईंचा फोन आला होता. नव्या खोक्यावर ज्याची फौज त्याचं नाव घालणार आहेत. म्हणजे माझं. आणि नव्या मापापुढे तुमच्या फौजा चालणार नाहीत, नकला टेबलावर आणायच्याच नाहीत, असा नियम करणार आहेत."

उस्तादांची नजर स्टुलावरच्या डब्याकडे गेली.

"तुम्ही जाणकार. एवढं लिहिलंत त्या ग्रुपवर, मी सगळं वाचलं. तुम्हीच सांगा. खेळ परत यावा का? तुम्ही म्हणाल तसं करतो."

बायको नवऱ्याकडे बघत होती. उस्तादांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग हळूहळू त्यांना शब्द सुचायला लागले, आणि एकदा सुचले की थांबेनात. खरं सांगायचं तर, म्हणाले, गेलेली गोष्ट गेलेलीच बरी. कंपन्यांना खेळाचं काय पडलंय? नियम सोपे करतील, पोरंटोरं येतील, धिंगाणा घालतील. ज्याने त्या खेळाचे चांगले दिवस पाहिले, त्याला ते बघवणार नाही. इज्जतीने मेलेल्याला उठवून रस्त्यावर नाचवायचं नसतं. बोलता बोलता त्यांचा स्वतःवरच विश्वास बसत चालला.

"म्हणजे नको?" मेहुण्याने विचारलं.

"नको," उस्ताद म्हणाले. हात त्यांनी डब्याकडे केला होता. "माझ्याकडे दे. मी वितळवून टाकतो, म्हणजे पुन्हा कुणाला मोह नको."

मेहुण्याने डबा उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला. "उघडा," म्हणाला.

झाकण घट्ट होतं. उस्तादांनी नखाने काढलं. आत भिंतीत ठोकायचे खिळे होते.

"बाई काल संध्याकाळीच फौज घेऊन गेल्या," मेहुणा म्हणाला. "पत्ता यांनी दिला." चष्मेवाला भिंतीवरच्या रंगाच्या नमुन्यांकडे फार लक्ष देऊन बघत होता. "मला फक्त तुमच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं. आणि ताईनेही ऐकावं असं वाटलं."

उस्ताद उठले. खिळे मांडीवरून जमिनीवर सांडले. मला माहीत होतं, ते म्हणाले, मी तुझी परीक्षा घेत होतो. यावर कुणी हसलंसुद्धा नाही. मेहुणा, जो हरल्यावरही हसायचा, तोही हसला नाही.

बायको पलंगावरून उठली. ती रागावलेली दिसत नव्हती. बाजारात भाव विचारावा तशा साध्या आवाजात ती बोलली.

"अहो, माझ्यावर तुमचा जीव नाही हे मला लग्नाच्या वर्षीच कळलं होतं. पण त्या मुंग्यांवर तरी आहे, असं वाटायचं. त्या भरवशावर राहिले मी."

मग तिने वाकून खिळे गोळा केले, डब्यात भरले, आणि भावाला विचारलं की चहाची पावडर कुठे ठेवतोस.