शेकलेल्या जखमा

दिग्रसला लेकरांच्या तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल घडवणारे एक सुतारभाऊ माझ्या ओळखीचे आहेत. रंधा मारताना ते लाकडाशी बोलत राहतात, "झालं बापा, थोडंच राह्यलं." माणसांशी मात्र मोजकंच.

आमच्या चर्चमधली जुनी रंगीत लाकडी मूर्ती मी त्यांच्याकडे नेली. शतकांपूर्वी युरोपात घडवलेली, धर्मासाठी अंगावर बाण झेललेल्या संताची. बाण केव्हाच हरवलेले, अंगावर भोकं उरलेली.

"भाऊ, भोकं बुजवा आन् रंग द्या. लेकरं घाबरतात."

"रंग देतो. बुजवत नाही. त्याचं दुखनं हाये ते."

मी चिडलो. ते ऐकेनात.

दुसऱ्या दिवशी पोळा, म्हणून त्या संध्याकाळी भाऊंकडे खांदशेकणी होती. घरच्या बैलांचे जुवाने घासलेले खांदे शेकून हळद-तुपाची वाटी उरली होती. भाऊंनी ती आणली आणि पळसाच्या पानाने संताची एकेक जखम शेकायला बसले.

"अहो, तुपावर रंग धरणार नाही!"

"मले मालूम हाये. नाही धरन तं नाही धरन."

नाहीच धरला. मूर्ती आता नव्यासारखी दिसते, जखमा तेवढ्या पिवळ्या.

लेकरं मात्र बिनधास्त जवळ जातात. हळद लावलेली जखम त्यांनी घरी पाहिलेली असते.